बसून बघा, साहेब

नीरजा मोघेच्या डोळ्यांत काहीही दोष नव्हता. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. आमच्या कंपनीतल्या शहाण्या माणसांना ते कळायला आषाढापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत वेळ लागला. वाचणाऱ्यांचा तेवढा वेळ घ्यायचा मला काही अधिकार नाही.

कंपनी शुक्रवार पेठेत आहे. काढे, चूर्णं, तेलं आणि दिवाळीला उटणं. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कोणी करायची? मालक सलिलसाहेब, म्हणजे घराण्याची तिसरी पिढी. मी पद्मजा, वरच्या मजल्यावर पॅकिंग सांभाळते. नीरजा खाली ऑफिसात कॉम्प्युटरवर. फोनवरून आणि टपालानं येणाऱ्या ऑर्डरी ती घ्यायची, पत्ते भरायची, पार्सलांची लेबलं छापून वर पाठवायची. आमच्याकडे एक नियम आहे. पॅकिंगच्या बायकांनी ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, कारण आमच्या हातांना तेल असतं आणि ते कागदांना लागतं. कागदांची एवढी काळजी घेणारी कंपनी अख्ख्या पुण्यात दुसरी नसेल. त्यामुळे आमची दोघींची गाठ पडायची ती चहालाच.

नीरजा खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात होते, बालपण क्वार्टर्समध्ये गेलं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, ही सवय तिला लग्न होऊन धायरीला आल्यावरही सुटली नाही. मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा झालेल्या, आणि त्या झाल्यात हे ती कोणाला विसरू द्यायची नाही. उगाच गरीब गाय वगैरे समजू नका. फोनवर गिऱ्हाइकानं विचारलं, "गुण कधी येईल हो?" की ती म्हणायची, "घ्यायला लागल्यावर." कोणी म्हटलं, "पार्सल कधी मिळेल?" तर, "पत्ता नीट सांगितलात तर लवकर." गिऱ्हाइकं तरीही तिलाच मागायची. नीरजानं लिहून घेतलं म्हणजे वस्तू येणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता कॉम्प्युटर. तो साहेबांच्या वडिलांच्या काळातला. मॉनिटर मागे भला मोठा फुगवटा असलेला. असा आता भंगारवालासुद्धा नाक मुरडून घेतो. ऑर्डरींचा प्रोग्राम त्या काळात कोणा ओळखीच्यानं करून दिलेला, तो दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालत नाही म्हणून हे मशीन जिवंत. शेजारी कुटाईची खोली. तिथून दिवसभर चूर्णाची धूळ यायची आणि मशीनच्या पंख्यात जाऊन बसायची. त्यावर साहेबांनी स्वतः तोड काढली. मशीनचा डबा नीरजाच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात बंद केला, तिथून लांब वायर जमिनीवरून पुढे टेबलावरच्या मॉनिटरपर्यंत आणली, आणि कोणाचा पाय अडकू नये म्हणून वायरीवर लाकडी फळी टाकली. त्या चिंचोळ्या जागेत खुर्ची दुसरीकडे कुठे मावणार? ती फळीवरच. आल्यागेल्याला साहेब ही व्यवस्था कौतुकानं दाखवायचे.

आषाढात केव्हातरी नीरजा चहाला म्हणाली, "स्क्रीन थरथरतोय गं. अक्षरं पिवळी पडतात, मग एकाची दोन दिसतात. इंग्रजी तीन आणि आठ तर ओळखूच येत नाहीत."

"साहेबांना सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. साहेब बघायला आले. आमच्याकडे थोरल्या आजोबासाहेबांपासूनची रीत आहे: साहेब दारात दिसले की खुर्ची सोडून उभं राहायचं, आणि ते जाईपर्यंत बसायचं नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची छाती कोणाची झालेली नाही. नीरजा उठली. साहेबांनी वाकून पाहिलं. स्क्रीन एकदम स्वच्छ.

"कुठे थरथरतंय?"

"आत्ता थांबलं."

"मी आल्यावर थांबलं?"

"हो साहेब. तुम्ही आलात की थांबतं."

बाई खरं तेच सांगत होती. साहेबांना तो उद्धटपणा वाटला. नंतर ते मॅनेजरांना म्हणाले म्हणे, "नीरजाबाई चेष्टा करायला लागल्यात."

असं तीन-चारदा झालं. नीरजा बसलेली असली की अक्षरं नाचायची. साहेब आले, ती उठली, की अक्षरं शिस्तीत उभी. शेवटी ती म्हणाली, "साहेब, तुम्ही इथे बसून बघा. मी रोज जे बघते ते दिसेल."

"मी? तुमच्या खुर्चीत?" साहेब हसले आणि केबिनमध्ये गेले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. खुर्चीच ती, सिंहासन नव्हे. पण मालकानं कारकुनाच्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय, हा विचारसुद्धा त्यांच्या डोक्यात शिरला नाही.

मग प्रज्ञेशला बोलावलं. हा कॉम्प्युटरवाला. हडपसरहून मोटारसायकलवर यायचा, हेल्मेट हातात आणि फोन कानाला. तो आला की नीरजा उठून बाजूला व्हायची, आणि तो खुर्ची पायानं मागे ढकलून उभ्या उभ्या काम करायचा. त्यानं कपाटातला डबा उघडून आतल्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या. वायरींची टोकं काढून पुन्हा लावली. सेटिंग बदललं. टेबलावरचा रेडिओ लांब ठेवायला लावला. ट्यूबलाइट बदलायला लावली. अर्थिंग तपासलं. दर वेळी मॉनिटरकडे उभ्यानं नजर टाकून म्हणायचा, "ओके आहे, मॅडम."

"जरा बसून बघा ना."

"बसायला वेळ कुठेय मॅडम? अजून दोन कॉल आहेत."

साहेबांना त्यानं सांगितलं, "हार्डवेअर ओके आहे सर. युजर इश्यू आहे."

म्हणजे काय, ते साहेबांनी मराठीत करून नीरजाला सांगितलं: "डोळे तपासून घ्या."

तिनं तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, वाचायच्या चष्म्याचा नंबरसुद्धा वाढलेला नाही. साहेब म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुसरे म्हणाले, छान आहेत. मग साहेबांनी आपल्याच कंपनीचं त्रिफळा चूर्ण तिला डोळे धुवायला दिलं. कर्मचाऱ्यांच्या सवलतीत. फुकट नाही बरं का! बाईच्या डोळ्यांत नसलेला रोग काढायचा आणि त्यावरचं औषध तिलाच विकायचं, हा धंदा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

घरी नवरा म्हणाला, वय झालं. मुलगी म्हणाली, मोबाइल कमी बघ. शेजारीण म्हणाली, या वयात बायकांना असं काहीबाही होतंच. मशीनकडे कोणी बघेना, सगळे नीरजाकडे बघायला लागले. जो तो तिलाच दुरुस्त करायला निघाला होता.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तिला ते पटायला लागलं. धायरीहून ती स्कूटीवर यायची, भर गर्दीत, ट्रकवाल्यांना सुनावत. एक दिवस स्कूटी ठेवून बसनं आली. म्हणाली, "नकोच. न दिसता कोणाला धडकले तर?" नंतर एकदा आम्ही दोघी सिंहगड रोडच्या बसस्टॉपवर उभ्या होतो. लांबून बस येत होती.

"पद्मजा, पाटी वाच."

"तू वाच की."

तिनं वाचली. नंबर, गाव, सगळं बरोबर. आणि मग अगदी बारीक आवाजात मला विचारलं, "बरोबर आहे का गं?"

जिच्या हातून गिऱ्हाइकाच्या पत्त्यात वेलांटी चुकत नव्हती, ती मला विचारत होती बरोबर आहे का! मला बसमध्ये रडू आलं आणि साहेबांचा असा संताप आला, की ते समोर असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. मी तिला म्हटलं, "तुला सगळं दिसतंय. त्या माणसांना दिसत नाही." ती खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिली, ओठ हलवत, एकेक.

गणपतीनंतर व्हायचं तेच झालं. खडकीच्या एका गिऱ्हाइकाचं तेल पाषाणला गेलं. पिनकोडात शेवटी तीनाऐवजी आठ पडला होता, तो तिला स्क्रीनवर तीनच दिसला. पाठोपाठ आणखी दोन पार्सलं अशीच भलतीकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती आपणहून केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, माझी चूक आहे, पण स्क्रीन बघा. साहेबांनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला.

आमच्याकडे चार वाजता मागच्या चौकात सगळ्यांचा एकत्र चहा असतो. मालक, कारकून, कुटाईवाले, पॅकिंगवाल्या, सगळे. 'आपण एक कुटुंब आहोत' हे साहेबांना तिथे आठवड्यातून एकदा तरी म्हणायचं असतं. त्या दिवशी ते कप हातात घेऊन म्हणाले, "आपल्या नीरजाबाईंना आता पूर्वीसारखं दिसत नाही. वयाप्रमाणे होतं. उद्यापासून त्या पॅकिंगमध्ये असतील. सगळ्यांनी त्यांना सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या! सगळ्यांसमोर! कुटाईवाले माना डोलावत होते, चुकचुकत होते. कोणीतरी तिला बसायला स्टूल दिलं. नीरजाचे कान लाल झाले होते. तिनं स्टूल घेतलं नाही. चहा मात्र पुरता प्यायली, कारण टाकून द्यायची तिला सवय नाही.

ती वर आली. मी तिला लेबलं चिकटवायला दिली. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या हातातली बाटली घेऊन तळाशी छापलेला बारीक बॅच नंबर धडाधड वाचून दाखवला. माझ्या बायकांना तो खिडकीत नेल्याशिवाय दिसत नाही. मी तडक जिना उतरले आणि ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून साहेबांना सांगितलं.

"जवळचं दिसत असेल," साहेब म्हणाले. "लांबचं दिसत नसेल."

"लांबून बसची पाटी वाचते ती."

"मग मधलं दिसत नसेल."

मधलं! मी परत वर गेले. अशा माणसाशी बोलून माझं डोकं मी का फिरवून घ्यावं?

नीरजाच्या जागी आला आमोद. साहेबांच्या मेव्हण्याचा मुलगा, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. मुलगा वाईट नाही, हे मी आधीच सांगते. सकाळी बसला, आणि दुपारचा डबा उघडायच्या आत केबिनमध्ये जाऊन म्हणाला, "सर, स्क्रीन फुल फ्लिकर होतोय. थ्री आणि एट सेम दिसतात. माझं डोकं दुखायला लागलंय यार... सॉरी, सर."

साहेब काय म्हणाले असतील? डोळे तपासून घे? वय झालं? त्रिफळा घे? छे. साहेब म्हणाले, "जुनाच झालाय तो मॉनिटर." आणि चहाच्या आत नवा, चपटा, चकचकीत मॉनिटर टेबलावर हजर!

ही बातमी शिपायानं वर आणली तेव्हा नीरजा खोक्याला टेप लावत होती. ती थांबली. टेप तशीच हाताला चिकटलेली. मला वाटलं आता ही भडकणार, आणि मला ते हवंच होतं. पण ती हळूच उटण्याच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे मला दिसत होतं ते होतं."

"होतंच की गं!"

"मला वाटायला लागलं होतं, नसेल." मग तिनं पदरानं डोळे पुसले. कोणाच्याही औषधावाचून चांगले असलेले डोळे.

पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी आमोद पुन्हा केबिनच्या दारात. "सर, सेम इश्यू." नवा मॉनिटरही थरथरतोय, पिवळा पडतोय. साहेब गेले, आमोद उठून उभा राहिला, स्क्रीन स्वच्छ. प्रज्ञेश आला, खुर्ची पायानं ढकलली, म्हणाला, "ओके आहे सर." आता मात्र पंचाईत झाली. मेव्हण्याच्या मुलाचे डोळे बिघडलेत असं म्हणायची सोय नव्हती. इकडे उटण्याच्या आणि अभ्यंग तेलाच्या ऑर्डरींचा ढीग, आणि लेबलं निघेनात.

"नीरजाबाईंना बोलवा," साहेब म्हणाले.

नीरजा हात धुऊन खाली निघाली. मी न धुता निघाले. तेलकट हात घेऊन थेट ऑफिसच्या मध्यभागी जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात समोरच्या कागदांवर टेकले. 

"बाई, तुमच्या वेळी नेमकं काय व्हायचं?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या वेळी माझे डोळे बिघडले होते," नीरजा म्हणाली. "बिघडलेल्या डोळ्यांना काय विचारता?"

"तसं नाही हो. सांगा ना."

"तेव्हाच सांगितलं होतं. मी उभी आहे. तुम्ही बसून बघा, साहेब."

साहेबांनी प्रज्ञेशकडे पाहिलं. प्रज्ञेशनं हेल्मेटकडे पाहिलं. बाहेर कुरियरवाला रिकाम्या हातानं ताटकळत होता. शेवटी साहेबांनी शर्ट खाली ओढला आणि त्या खुर्चीत बसले. तीन पिढ्यांत पहिल्यांदा.

स्क्रीन थरथरला. अक्षरं पिवळी पडली, मग एकेकाची दोन झाली.

"अरे!" साहेब ताडकन उठले. स्क्रीन स्वच्छ. पुन्हा बसले. थरथर. उठले. स्वच्छ. असे ते किती वेळा उठले आणि बसले कोण जाणे. शिपाई तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. मग प्रज्ञेशनं खुर्ची उचलून फळी बाजूला केली. खाली वायर चेंगरून चपटी झाली होती. माणूस बसला की फळी वायरीवर दाबली जाई, उठला की मोकळी होई. वायर बदलली, नवी खुर्चीखालून न नेता भिंतीच्या कडेनं फिरवली, आणि खेळ संपला. बसून पाहायचे कष्ट पहिल्याच दिवशी कोणी घेतले असते तर ही वेळ आली असती का?

"शाबास प्रज्ञेश!" साहेब म्हणाले. होय, प्रज्ञेश. त्याला तेलाची मोठी बाटलीसुद्धा मिळाली. माझ्या हातांचे ठसे तेवढ्यात आणखी चार कागदांवर उमटले.

चार वाजता चौकात चहा झाला. साहेब खुशीत होते. "बरं का मंडळी, मशीनचा दोष सापडला. नीरजाबाई उद्यापासून पुन्हा खाली, आमोद त्यांच्या हाताखाली. चहा घ्या."

संपलं. एवढंच. लोकांनी कप तोंडाला लावले.

नीरजानं तिचा कप कट्ट्यावर ठेवला. भरलेला. "साहेब, इथेच उभं राहून तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, मला दिसत नाही म्हणून."

"हो, ते जरा... गैरसमज झाला."

"कोणाचा?"

"जाऊ द्या हो नीरजाबाई. होतात चुका माणसाकडून."

"कोणाकडून झाली?"

तेवढ्यात चहा संपल्याची घंटा झाली. घंटा झाली की माझ्या बायका जिन्याकडे धावतात, कारण उशीर झाला की मी ओरडते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहत राहिले. कोणी हललं नाही. कुटाईवाले थांबले. आमोद कप घेऊन नीरजाच्या बाजूला येऊन उभा राहिला. वर पार्सलांचा ढीग पडला होता आणि खाली आम्ही सगळे उभे होतो, एक कुटुंब.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. कोणाच्या तरी तोंडून काही निघेल म्हणून वाट पाहिली. मग कपात बघत पुटपुटले, "माझ्याकडून."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," नीरजा म्हणाली.

साहेबांनी कप खाली ठेवला, मान वर केली, आणि मागच्या रांगेतल्या कुटाईवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नीरजाबाईंचे डोळे चांगले आहेत. चूक माझ्याकडून झाली."